पट किती मारले, की कुठून मारले?

हौशी गोल्फपटू फेरी संपली की स्कोअरकार्डावर एकूण फटके बघतो, मग पट किती लागले ते मोजतो आणि त्यावरून पुढच्या आठवड्याचा सराव ठरवतो. पटचा हा आकडा त्याची दिशाभूल करतो. पार चारच्या एखाद्या होलवर एकाचा चेंडू दुसऱ्या फटक्यातच ग्रीनवर, होलपासून 33 फुटांवर येतो आणि तो दोन पटमध्ये पार करतो. दुसऱ्याचं ग्रीन हुकतं, पण तो सुरेख चिप मारून चेंडू तीन फुटांवर आणतो आणि एका पटमध्ये तोही पार करतो. कार्ड म्हणेल, दुसऱ्याचं पटिंग चांगलं. खरं तर तीन फुटांचा पट बहुतेक जण घालतातच; तिथे श्रेय चिपचं आहे आणि दोष ग्रीन हुकवणाऱ्या आयर्नचा. पट कुठून मारला हे कार्डावर नसल्यामुळे श्रेय आणि दोष दोन्ही चुकीच्या खात्यात जमा होतात.

कोलंबिया विद्यापीठातले प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांनी नेमका हा गोंधळ सोडवला. पीजीए टूरवर प्रत्येक फटक्याची जागा टिपली जाते. त्या नोंदींवरून त्यांनी प्रत्येक अंतरावरून चेंडू होलमध्ये जायला सरासरी किती फटके लागतात ते काढलं. आठ फुटांवरून व्यावसायिक खेळाडूला सरासरी दीड पट लागतो, 33 फुटांवरून दोन. म्हणजे आठ फुटांवरून एकाच पटमध्ये चेंडू गेला तर अर्धा फटका कमावला, दोन लागले तर अर्धा गमावला. ड्राइव्हपासून बंकरमधल्या फटक्यापर्यंत प्रत्येकाचा हिशेब असाच मांडता येतो. पीजीए टूरने 2011 मध्ये पटिंगसाठी ही पद्धत स्वीकारली. 2014 मध्ये ब्रॉडी यांचं ‘एव्हरी शॉट काउंट्स’ हे पुस्तक आलं. त्यांचा निष्कर्ष अनेकांना धक्का देणारा होता. अव्वल खेळाडू इतरांच्या पुढे राहतात त्यातला सुमारे दोन तृतीयांश भाग शंभर यार्डांपलीकडच्या फटक्यांचा असतो, पटिंगचा वाटा जेमतेम 15 टक्के. टायगर वुड्सचे निर्णायक पट लोकांना आठवतात, पण त्याच्या आघाडीचा सर्वांत मोठा हिस्सा ग्रीनकडे मारलेल्या फटक्यांतून आला होता.

मग पटिंगचा सराव सोडूनच द्यायचा का? तसं मुळीच नाही. सरासरी समूहाची असते, आपला खेळ आपला असतो. टोकियो ऑलिंपिकमध्ये अदिती अशोक चौथी आली, कांस्यपदक एका फटक्याने हुकलं. तिचे ड्राइव्ह प्रतिस्पर्ध्यांपेक्षा बरेच आखूड पडत होते आणि पटिंगच्या बळावर ती शेवटपर्यंत शर्यतीत राहिली. व्यावसायिकांचे तक्ते आपल्यावर जसेच्या तसे लादू नयेत ते याचसाठी. आपले फटके नेमके कुठे वाया जातात, हे आपल्याच नोंदी सांगू शकतात.

दोन-चार फेऱ्यांचे आकडे नशिबाचा खेळ असतात, हा आक्षेप मात्र मला रास्त वाटतो. 2020 पासून लागू झालेली जागतिक हँडिकॅप पद्धतही एका फेरीवर विसंबत नाही. शेवटच्या 20 पैकी सर्वोत्तम आठ फेऱ्या धरते. तेव्हा निष्कर्षाची घाई नको. पण तो हँडिकॅपही तुम्ही किती चांगलं खेळू शकता एवढंच सांगतो. दंडाचे फटके ड्रायव्हरमुळे पडतात की आयर्नमुळे, याचं उत्तर त्यात नाही. चेंडू हद्दीबाहेर गेला की एक दंडाचा फटका पडतो आणि पुन्हा त्याच जागेवरून मारावं लागतं. एका चुकीत एवढं नुकसान होत असेल, तर ती चूक कोणत्या क्लबने होते हे आधी कळायला हवं. नोंदींच्या नादात खेळातलं लक्ष उडतं, असंही काही जण म्हणतात. मैदानावर हिशेब करत बसलं तर तसं होईलच. म्हणून तिथे फक्त लिहायचं, बेरीज-वजाबाकी घरी.

यासाठी ॲप किंवा महागडं उपकरण लागत नाही. पुढच्या फेरीत प्रत्येक होलवर पहिल्या पटचं अंतर पावलांत लिहा, ग्रीनकडे मारलेला फटका किती यार्डांवरून होता आणि चेंडू कुठे थांबला ते लिहा, दंड पडला तर कोणत्या क्लबने तेही टिपा. दहा फेऱ्यांची कार्डं एकत्र पाहा आणि मगच सरावाचे तास वाटा.