फेरी रद्द करण्यापूर्वी

या व्यासपीठावरून गेले काही दिवस आपण संतवाङ्मय, अर्थकारण, आकाशातील तारे अशा थोर विषयांवर विद्वानांची भाषणे ऐकलीत. त्यांच्यापुढे आमचा विषय अगदीच धुळीतला आहे. खेड्यात जाणाऱ्या एसटीच्या फेऱ्या कशा ठरतात, कशा बदलतात आणि कशा बदलाव्यात, एवढेच आम्हांस सांगावयाचे आहे. आमचे शाळेतील शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे गणित आम्ही आगारातील वेळापत्रकाच्या फलकावर शिकलो आणि कायदा कामगारांचे तक्रारअर्ज लिहिता लिहिता शिकलो. तेव्हा भाषेत काही खडबडीतपणा आढळला तर श्रोत्यांनी तो आमच्या गुरुजनांच्या माथी मारू नये.

१ जून १९४८ रोजी पुणे आणि अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, यांच्या दरम्यान सरकारी एसटीची पहिली गाडी धावली. पुढे १९५० साली मार्ग परिवहन महामंडळांचा कायदा झाला. या कायद्याची दोन कलमे प्रत्येक नागरिकाने एकदा तरी शेजारी शेजारी ठेवून वाचावीत. अठराव्या कलमात म्हटले आहे की, लोकांना कार्यक्षम, पुरेशी, काटकसरीची आणि नीट जुळलेली वाहतूकसेवा देणे हे महामंडळाचे कर्तव्य होय. बाविसावे कलम सांगते की, महामंडळाने आपला कारभार व्यापारी तत्त्वावर चालवावा. एक कलम म्हणते, गावाला गाडी द्या. दुसरे म्हणते, हिशेब जुळवा. एसटीचे बोधवाक्य ‘बहुजन हिताय, बहुजन सुखाय’ असे आहे. ते गाडीवर लिहिलेले असते, आणि ताळेबंद साहेबांच्या टेबलावर असतो. या दोहोंच्या ओढाताणीत खेड्याची फेरी सापडते.

आता फेरी रद्द होते कशी ते पाहू. प्रत्येक फेरीचे ‘भारमान’ काढतात. भारमान म्हणजे गाडीत जितकी आसने, त्यांपैकी शेकडा किती भरली त्याचे प्रमाण. ज्या फेरीचे भारमान कमी, तिच्यावर तांबडी रेघ पडते. वरकरणी यात काही चूक दिसत नाही. रिकामी गाडी पळवून डिझेल जाळावे, असे आम्ही कामगारही म्हणणार नाही. परंतु एक साधे उदाहरण मांडून बघा.

समजा, तालुक्याच्या गावाहून वीस-पंचवीस किलोमीटरवर घाटाच्या पायथ्याशी एक खेडे आहे. एक गाडी संध्याकाळी तेथे जाते, रात्रभर मुक्काम करते आणि सकाळी परत येते. दुपारी तिचीच आणखी एक खेप होते. गाडीची आसने ४४. सकाळी खेड्यातून तालुक्याला ३० माणसे येतात. दुपारी एक वाजता त्यांतली २० घरी परततात, कारण दवाखान्याचे काम झाले आणि सकाळची शाळा सुटली. तीच गाडी दोन वाजता खेड्यातून उलट येते, तेव्हा तीत चारच माणसे असतात. भर दुपारी तालुक्याला कोण जाणार? संध्याकाळी १४ माणसे घरी जातात. चार फेऱ्यांची आसने १७६, माणसे ६८. म्हणजे भारमान साधारण ३९ टक्के झाले.

तक्त्यात दोनच्या फेरीसमोर ९ टक्के हा आकडा उठून दिसतो. ती फेरी रद्द करावयाची, तर एकची फेरीही रद्द करावी लागते, कारण गेलेली गाडी परत आणल्याशिवाय चालत नाही. बरे, दोन्ही रद्द केल्या. उरल्या दोन फेऱ्या, आसने ८८, माणसे ४४. भारमान ५० टक्के! कागदावर सुधारणा झाली, आणि ती करणाऱ्याची पाठ थोपटली गेली.

परंतु दुपारी परतणारी ती वीस माणसे संध्याकाळपर्यंत थांबू शकत नाहीत. ती वडापने जातात. वडाप म्हणजे दाटीवाटीने माणसे भरून नेणारी जीप. काही महिन्यांनी जीपवाला त्यांना म्हणतो, “परत माझ्याचकडे यायचं, मग सकाळीही माझ्याचकडे बसा की!” वीसांपैकी दहा जण त्याचे ऐकतात. आता सकाळच्या गाडीत २० माणसे आणि संध्याकाळी १४. आसने ८८, माणसे ३४. भारमान पुन्हा ३९ टक्के. टक्का जेथे होता तेथेच येऊन बसला. माणसे मात्र निम्मी झाली. मग पुढच्या वर्षी तांबडी रेघ संध्याकाळच्या फेरीवर येते. ती गेली की गाडीचा मुक्काम गेला, आणि मुक्काम गेला की सकाळची गाडी आपोआपच गेली.

यात कोणी खोटा आकडा लिहिला नाही. आकडा खराच होता. पण तो एका फेरीचा होता आणि माणसाचा दिवस दोन फेऱ्यांचा असतो. कोणीही नुसता जाण्यासाठी बाहेर पडत नाही, परत येण्याच्या भरवशावर बाहेर पडतो. रिकामी दिसणारी परतीची फेरी ही भरलेल्या फेरीची अर्धी किंमत असते.

मुक्कामी गाडीचे महत्त्व शहरातील माणसास चटकन उमगत नाही. ती मुक्कामी नसेल, तर सकाळी सहाला खेड्यातून गाडी सोडण्यासाठी पहाटे पाचच्या आत तालुक्याहून रिकामी गाडी पाठवावी लागेल. तो वायफळ खर्च मुक्कामाने वाचतो. म्हणूनच पूर्वीच्या माणसांनी ही सोय काढली होती. तिला कायद्याचे बंधनही होते. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याप्रमाणे एका दिवसाचे काम संपल्यापासून दुसऱ्या दिवसाचे सुरू होईपर्यंत कामगाराला सलग नऊ तास विश्रांती मिळणे आवश्यक होते. गाडी संध्याकाळी साडेसातला पोहोचली आणि सकाळी सहाला निघाली, तर साडेदहा तास मिळतात. गावकरी म्हणाले, “बाजार आटपून यायला उशीर होतो, गाडी दोन तास उशिरा सोडा,” तर ती साडेनऊला पोहोचेल आणि विश्रांती साडेआठ तासांवर येईल. मग सकाळची वेळ पुढे ढकलावी लागेल, आणि शाळेची घंटा तर पुढे जात नाही! वेळापत्रक हे असे विणलेले असते. एक धागा ओढला की दुसरीकडे चुणी पडते.

येथवर आम्ही कारभाराचे दोष सांगितले. आता आमचा सांगतो, कारण तो लपवून हे भाषण करण्याचा आम्हांस अधिकार नाही.

बऱ्याच वर्षांपूर्वी एका आगारात आम्ही कामगारांच्या वतीने बोलणी करीत होतो. तेथील एका मुक्कामी गाडीबद्दल चालक-वाहकांची तक्रार होती. रात्री गाडीतच झोपावे लागे. पावसाळ्यात टप गळे. संडास नाही, दिवा नाही, पाण्यासाठी कोणाच्या तरी दारात उभे राहावे लागे. सकाळी न झोपलेला माणूस चाळीस जीव घेऊन घाटाची वळणे उतरे. तक्रार शंभर टक्के न्याय्य होती. आम्ही मागणी केली, “हा मुक्काम बंद करा.” साहेबांनाही संध्याकाळचे भारमान खुपतच होते. दहा मिनिटांत एकमत झाले. आमच्या आयुष्यात व्यवस्थापनाशी असे एकमत फार थोड्या वेळा झाले असेल. आम्ही इतिवृत्तावर सही केली, चहा घेतला आणि विजयी मुद्रेने बाहेर पडलो.

वर्षभराने एका जुन्या सभासदाच्या घरच्या लग्नास त्याच गावी जाण्याचा योग आला. सरपंच भेटले. ते रागावले नव्हते. सहज बोलल्यासारखे म्हणाले, “गाडी का बंद झाली म्हणून आम्ही चौकशी केली. साहेब म्हणाले, कामगारांचीच मागणी होती.” आम्ही मान खाली घातली, कारण ते खरे होते. गावातील शाळा सातवीपर्यंत होती. पुढे शिकणारी मुले सायकलवर किंवा जीपच्या मागे लोंबकळत जात होती. मुलींना तसे पाठविण्यास घरची माणसे तयार नव्हती. आमच्या त्या सभासदाची पुतणी नववीत असताना घरी बसली होती. लग्नात ती पंगतीत वाढत होती. “काय ग, शाळा?” असे विचारले, तर “सकाळची गाडी नाही ना, काका,” म्हणाली आणि पुढच्या पानाकडे वळली.

परत आल्यावर आम्ही कामगारांची सभा घेतली. त्यांना कोणी खलनायक ठरवू नये. गाव जाते याचे त्यांनाही वाईट वाटत होते. त्यांना फक्त झोप हवी होती. ग्रामपंचायतीने चावडीची एक खोली दिली. दोन खाटा, एक दिवा, पाण्याचा नळ आणि शेजारचा संडास, एवढ्यावर तिढा सुटला. गाडी पुन्हा सुरू झाली. सातवीत असलेल्या मुली पुढे त्या गाडीने आठवीला गेल्या. ती पुतणी मात्र परत शाळेत गेली नाही. दोन खाटांची मागणी आम्ही पहिल्याच दिवशी केली असती तर! ती आम्हांस सुचली नाही, कारण त्या टेबलाभोवती गावाचे कोणीच बसलेले नव्हते.

२०२० ची टाळेबंदी आणि २०२१ च्या अखेरीपासून एप्रिल २०२२ पर्यंत लांबलेला संप यांनंतर हा प्रश्न अधिकच निकडीचा झाला. संपाचा न्यायनिवाडा हा आजचा विषय नव्हे. परंतु गाड्या पूर्ववत् निघू लागल्या, तेव्हा आमच्या भागातील काही आडवाटेच्या फेऱ्या परतल्याच नाहीत, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले. रद्द केल्याचा हुकूम कोणी काढला नव्हता. त्या फेऱ्या नुसत्या राहून गेल्या. दुसऱ्या बाजूला, १७ मार्च २०२३ पासून स्त्रियांना अर्ध्या भाड्यात प्रवास मिळू लागला. मात्र सवलत मिळाली तरी बसायला गाडी हवी.

तेव्हा बदल करूच नयेत काय? अवश्य करावेत. रस्ते बदलतात, बाजाराचा वार बदलतो, महाविद्यालये निघतात. जुने वेळापत्रक देवासारखे पुजण्यात अर्थ नाही. आमचे म्हणणे एवढेच आहे की, बदल करताना चार गोष्टी पाळाव्यात. पहिली, एका फेरीचे भारमान पाहून निर्णय करू नये. त्या गावाच्या पूर्ण दिवसाचे पाहावे, आणि तेही पेरणीच्या, परीक्षेच्या व बाजाराच्या दिवसांसह वर्षभराचे. दुसरी, वेळ ठरविण्याचा आरंभ आगाराच्या घड्याळापासून न करता शाळेची घंटा, दवाखान्याची वेळ आणि बाजाराचा वार यांपासून करावा. तिसरी, फेरी रद्द करण्यापूर्वी महिनाभर आधी ग्रामसभेला कळवावे आणि तिचे उत्तर कागदावर घ्यावे. चौथी, त्या बैठकीत कामगारांचा प्रतिनिधी असावाच, पण गावाचाही असावा. नाहीतर आमच्यासारखी शहाणी माणसे चहा पिऊन सही करून मोकळी होतात.

आपण शहरातील मंडळी. आपली एक बस चुकली तर दुसरी मिळते, म्हणून हा प्रश्न आपला वाटत नाही. परंतु उद्या बसस्थानकावर उभे असाल, तेव्हा वेळापत्रकाचा फलक नीट वाचा. एखाद्या आडगावच्या नावासमोरची वेळ पुसलेली दिसली, तर खिडकीपाशी जाऊन वाहतूक नियंत्रकाला विचारा, “ही गाडी का बंद झाली?” तो फार तर कपाळाला आठ्या घालील. पण त्या गावचे कोणी येथवर येऊन विचारू शकत नाही, कारण त्यांना येथे आणणारी गाडीच तर बंद झालेली असते.