रेडिएटर गार का पडतात?

ब्रिटनमधल्या बहुतेक घरांत हिवाळ्यातली ऊब पाण्यातून येते. गॅसवरचा बॉयलर पाणी तापवतो, पंप ते खोल्यांतल्या रेडिएटरांतून फिरवतो आणि निवलेले पाणी पुन्हा बॉयलरकडे येते. हे पाणी नळाला येत नाही. तेच ते वर्षानुवर्षे फिरत राहते. ते मंदावले की बॉयलर चालू असूनही खोल्या गार राहतात. पहिला संशय पंपावर येतो आणि पुष्कळदा तो खोटा ठरतो.

गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवणारा पंप पाहिलेल्याला वाटते, वरच्या मजल्यापर्यंत याचा जोर पुरत नसेल. बंद चक्रात तसे नसते. चढणाऱ्या पाण्याचे वजन उतरणारे पाणी तोलून धरते. पंपाला झगडावे लागते ते घर्षणाशी. दाबाचा काटाही प्रवाह दाखवत नाही. यंत्रणा थंड असताना तो साधारण 1 ते 1.5 बारवर असावा. फारच खाली असला तर वरच्या मजल्यावर हवा अडकू शकते. पण काटा जागेवर आहे म्हणून पाणी फिरतेच आहे, असे नव्हे.

प्रवाहाचा पत्ता लागतो तो तापमानावरून. बॉयलरमधून निघणाऱ्या आणि परतणाऱ्या पाण्यात 20 अंश सेल्सिअसचा फरक असेल, तर 10 किलोवॉट उष्णता वाहून न्यायला मिनिटाला सुमारे 7 लिटर पाणी लागते. तेवढ्याच उष्णतेसाठी फरक 35 अंशांवर गेला, तर प्रवाह 4 लिटरांवर आला आहे. बॉयलरच्या जागी बसवला जाणारा, बाहेरची उष्णता घरात आणणारा हीट पंप बहुधा 5 अंशांच्या फरकावर चालतो. त्याला त्याच उष्णतेसाठी 7 लिटरांच्या चौपट, म्हणजे 28-29 लिटर पाणी हवे. बॉयलरला पुरलेल्या जुन्या बारीक नळ्या इथे अपुऱ्या पडतात.

एकच रेडिएटर गार असेल तर तपास सोपा. वरचा भाग गार, म्हणजे आत हवा. कोपऱ्यातला स्क्रू किंचित सैल करून ती सोडतात. खालचा मधला भाग गार, म्हणजे तळाशी गंजाचा काळा गाळ. अख्खा रेडिएटर गार असल्यास आपोआप उघडझाप करणाऱ्या व्हॉल्व्हची पिन उन्हाळाभर मिटून अडकलेली असू शकते. दाब टिकून असूनही हवा पुन्हा पुन्हा साचत असेल, तर ती हवा नसून गंजताना सुटणारा हायड्रोजन असण्याची शक्यता आहे. तो पेट घेतो. त्यामुळे स्क्रूजवळ काडी ओढून पाहू नये.

घरभर तीच तक्रार असेल तर आधी अर्धवट मिटलेले व्हॉल्व्ह आणि तुंबलेली गाळणी पाहावी. जवळचे रेडिएटर कढत आणि लांबचे कोमट असतील, तर पाणी सोपी वाट धरते आहे: जवळच्यांचे व्हॉल्व्ह थोडे आवळले की लांबच्यांना वाटा मिळतो. पंपाचा वेग वाढवणे हा उपाय महागडा आहे, कारण त्याच नळ्यांतून दुप्पट पाणी ढकलायला जवळपास आठपट शक्ती लागते. पंप फिरतच नसेल तर गोष्ट वेगळी. बराच काळ बंद राहिल्याने त्याचा दांडा जाम होतो.

गाळ सगळीकडे पसरला असेल तर नळ्या धुऊन काढतात, गंजरोधक रसायन घालतात आणि परतीच्या नळीवर चुंबकाची गाळणी बसवतात. मात्र कुठे बारीक गळती असेल आणि दाब टिकवण्यासाठी दर काही दिवसांनी नवे पाणी भरावे लागत असेल, तर त्यातून ताजा ऑक्सिजन आत येत राहतो, रसायन विरळ होते आणि गाळ पुन्हा तयार होतो. म्हणून धुलाईआधी गळती शोधावी.