पाणी म्हणजे गादी नव्हे

यवतमाळकडे उन्हाळ्यात विहिरीत मुटका मारणाऱ्या पोट्ट्यांना अनुभवाने कळलेलं असतं, की उडी चुकून पोटावर पडलं तर कातडी लालबुंद होते. तरी ‘पाणी मऊ, गादीसारखं झेलतं’ हा समज काही जात नाही. पाण्यात ठेवलेला माणूस प्रचंड त्वरण सोसतो असं ऐकलं, की हा समज आणखी पक्का होतो.

शरीराला वेगाचा त्रास होत नाही, वेग झपाट्याने बदलला की होतो. विमान जोरात वळताना ५ जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या पाचपट, त्वरण आलं, तर ६० किलोच्या माणसाला आपण ३०० किलोंचे झालो असं वाटतं. रक्तही पाचपट जड होतं. हृदयापासून मेंदू जेमतेम ३० सेंटीमीटर वर, पण तेवढंही ते चढत नाही, पायांकडे उतरतं. डोळ्यांपुढे अंधारी येते, मग शुद्ध हरपते.

तोच माणूस गळ्यापर्यंत पाण्यात बसला असेल तर बाहेरचं पाणीही पाचपट जड होतं. खाली जास्त, वर कमी असा त्याचा दाब आतल्या रक्ताला तोलून धरतो. नसा फुगत नाहीत, रक्त पायांत साचत नाही. पाणी इथे धक्का शोषत नाही, चहूबाजूंनी टेकू देतं.

घरी करून पाहा. डब्यातल्या पाण्यात अंडं सोडा आणि ते मधोमध तरंगेपर्यंत मीठ विरघळवत राहा. मग डबा काठोकाठ भरून झाकण घट्ट लावा आणि जमिनीवर आपटा. कोरड्या डब्यातलं अंडं फुटतं, हे सहसा शाबूत राहतं. रशियाच्या त्सिओल्कोव्स्की यांनी असंच अंडं पुढे करून अंतराळप्रवाशाला द्रवात ठेवण्याची कल्पना मांडली होती. कॅनडातले कर्करोग संशोधक विल्बर फ्रँक्स यांच्या सेंट्रिफ्यूजमध्ये, म्हणजे गरगर फिरवणाऱ्या यंत्रात, काचनळ्या फुटायच्या, पाण्यात ठेवल्यावर त्या टिकल्या. त्यातून त्यांनी पाणी भरलेला सूट बनवला आणि १९४२ मध्ये वैमानिकांनी तो युद्धात वापरला.

म्हणून पाण्यात माणूस वाटेल तेवढं सोसेल, असंही नाही. अमेरिकन नौदलाच्या प्रयोगशाळेत फ्लॅनगन ग्रे पाण्याने भरलेल्या टाकीत, श्वास रोखून, ५ सेकंद ३१ जीपर्यंत गेले. अडचण फुप्फुसांची आहे. त्यांत हवा असते, ती पाण्याइतकी जड होत नाही, त्यामुळे छाती दाबली जाते.

हा सगळा फायदा आधीपासून पाण्यात असलेल्याला. ३० फुटांवरून विहिरीत पडणारा पाण्यावर ताशी सुमारे ४८ किलोमीटर वेगाने आदळतो. उन्हाळ्यात पाणी तळाला गेलेलं असतं, तेव्हा पोरांना काठावरून उडी मारू देऊ नका. पायऱ्या उतरूनच पाण्यात जायला सांगा.