गुणांची नावे

मुलांना देवांची, नद्यांची किंवा फुलांची नावे ठेवण्याची चाल महाराष्ट्रात जुनी आहे. श्रद्धा, क्षमा, मेधा, विनय, विवेक ही नावे मात्र निराळी आहेत. ती गुणांची नावे आहेत. गुण डोळ्यांना दिसत नाही. तो माणसाच्या वागण्यावरून कळतो. व्याकरणात अशा शब्दांना भाववाचक नामे म्हणतात. श्रद्धा, दया, करुणा ही नामे स्त्रीलिंगी, म्हणून ती मुलींना शोभली. विनय, विवेक, संतोष ही पुल्लिंगी, म्हणून ती मुलांना मिळाली.

गुणांना माणसांचे रूप देण्याची कल्पना फार प्राचीन आहे. दक्ष प्रजापतीने आपल्या तेरा कन्या धर्माला दिल्या, अशी कथा भागवत पुराणात आहे. श्रद्धा, मैत्री, दया, शांती, उन्नती, मेधा, तितिक्षा ही त्यांपैकी काहींची नावे. तितिक्षा म्हणजे सुखदुःख सोसण्याची शक्ती. या कन्यांच्या पुत्रांचीही नावे तेथे दिली आहेत. शांतीचा पुत्र सुख, तितिक्षेचा पुत्र क्षेम आणि दयेचा पुत्र अभय. ज्याच्या ठायी दया असते, त्याचे कोणालाही भय वाटत नाही, हे या वंशावळीचे मर्म होय. उन्नतीचा पुत्र मात्र दर्प, म्हणजे गर्व! उत्कर्षाच्या काळी माणसाने सावध राहावे, हेच जणू या नावातून सुचविले आहे.

इतर देशांतही अशी नावे आढळतात. इंग्लंडमधील प्युरिटन पंथाच्या लोकांना ती विशेष प्रिय होती. १६२० साली मेफ्लॉवर जहाजातून अमेरिकेस गेलेल्या विल्यम ब्रूस्टर यांच्या एका मुलीचे नाव पेशन्स, म्हणजे सहनशीलता, आणि एका मुलाचे नाव लव्ह, म्हणजे प्रेम, असे होते.

नाव हा आईबापांनी बाळाला दिलेला पहिला आशीर्वाद होय. म्हणूनच जेथे आशीर्वादाऐवजी नाराजी दिली जाते, तेथे नाव जन्मभर सलत राहते. मुलगाच हवा या हट्टापायी महाराष्ट्रातील काही घरांत मुलींना ‘नकुशी’, म्हणजे नको असलेली, असे नाव ठेवले गेले. २०११ साली सातारा जिल्ह्यात अशा दोनशेहून अधिक मुलींना समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली.

नावाबरोबर गुण आपोआप येत नाही. क्षमा नावाच्या मुलीलाही राग आवरावा लागतो. त्याचप्रमाणे वाईट नावामुळे कोणाचे गुण नाहीसेही होत नाहीत. दगडू नावाच्या माणसाचे अंतःकरण लोण्याहून मऊ असू शकते. नाव आईबाप देतात. गुण मात्र ज्याचा त्यानेच मिळवावयाचा असतो.