माल दुसऱ्याचा, जबाबदारी आपली : ड्रॉपशिपिंगच्या व्यवसायाची ओळख

दुकान थाटायचे तर गाळा हवा, माल भरायला भांडवल हवे आणि न खपलेला माल सांभाळण्याची छाती हवी, अशी आपल्या समाजाची पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत आहे. यांपैकी काहीही जवळ नसताना घरबसल्या दुकान चालवता येते, असे सांगणाऱ्या जाहिराती हल्ली तरुणांच्या मोबाईलवर सतत झळकत असतात. या व्यवसायाला ‘ड्रॉपशिपिंग’ असे म्हणतात. हा धंदा खरा की फसवा, असा प्रश्न अनेक पालकांना पडतो. म्हणून प्रस्तुत लेखात आम्ही त्याचे स्वरूप, त्यातील हिशेब आणि त्याबरोबर येणारी जबाबदारी यांचा थोडक्यात ऊहापोह करीत आहोत.

या व्यवसायाची रीत साधी आहे. विक्रेता इंटरनेटवर आपल्या नावाचे दुकान उघडतो आणि तेथे वस्तूंची छायाचित्रे व किमती मांडतो. वस्तू मात्र त्याच्याजवळ नसतात. त्या घाऊक पुरवठादाराच्या गोदामात असतात. ग्राहकाने मागणी नोंदवली की विक्रेता ती पुरवठादाराकडे धाडतो आणि घाऊक दराने पैसे भरतो. पुरवठादार ती वस्तू बांधून थेट ग्राहकाच्या पत्त्यावर पाठवतो. दोन किमतींतील फरकातून खर्च वजा जाता जे उरते, ती विक्रेत्याची कमाई. २००६ साली कॅनडात सुरू झालेल्या शॉपिफायसारख्या सेवांमुळे असे दुकान उभारणे फारच सोपे झाले.

ऐकणाऱ्याला वाटेल की हा तर आपल्या बाजारातला अडत्याच! परंतु दोघांत मोठा फरक आहे. अडत्या शेतकऱ्याचा माल विकून आपली अडत घेतो. माल त्याच्या डोळ्यांसमोर असतो. ड्रॉपशिपिंग करणारा मात्र स्वतःच्या नावाने माल विकतो आणि बहुतेक वेळा त्याने तो पाहिलेलाही नसतो. ग्राहकाच्या दृष्टीने दुकानदार तोच. वस्तू फुटकी निघाली, उशिरा पोहोचली किंवा चित्राहून वेगळी निघाली, तर ग्राहक गोदामवाल्याला नव्हे, त्यालाच जाब विचारणार.

आता हिशेब पाहू. समजा, एक वस्तू वस्तू व सेवा कर, म्हणजे जीएसटी, वगळता ८५० रुपयांना विकली. पुरवठादाराला ४०० रुपये, पाठवणीला ८०, पैसे वसूल करणाऱ्या सेवेला २० आणि तो एक ग्राहक मिळवण्यासाठी केलेल्या जाहिरातीला २०० रुपये लागले. उरले १५०. दहा मागण्यांवर १५०० रुपये मिळतील, असे कागदावर दिसते.

परंतु आपल्याकडे कित्येक ग्राहक वस्तू हाती पडल्यावरच पैसे देणे पसंत करतात, आणि दारी आलेले पार्सल नाकारणारेही काही असतात. दहांपैकी दोन पार्सले परत आली असे धरा. मग विक्री उरते आठांची, म्हणजे ६८०० रुपये. आठ वस्तूंचे ३२००, जाण्याची दहा व परतीची दोन अशा बारा खेपांचे ९६०, वसुलीचे १६० आणि जाहिरातीचे पूर्ण २००० रुपये वजा करता हाती राहतात केवळ ४८०. पुरवठादाराने परत आलेला माल घेण्यास नकार दिला, तर आणखी ८०० रुपये जाऊन ३२० रुपयांचा तोटा होतो. हे आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत. परंतु या धंद्यात माणूस कोठे बुडतो ते त्यांवरून ध्यानी यावे. साठा करावा लागत नाही हे खरे. भांडवल लागत नाही, हे मात्र खरे नव्हे. ते जाहिरातीत आणि परतीच्या पार्सलांत जाते.

माल परदेशातून मागवणाऱ्यांच्या अडचणी आणखी वेगळ्या आहेत. पार्सलावर सीमाशुल्क लागते, ते सोडवण्यात दिवस जातात आणि ग्राहक अधीर होतो. भेटवस्तू म्हणून माल सोडवून घेण्याची पळवाट डिसेंबर २०१९ मध्ये सरकारने राख्या व जीवरक्षक औषधे वगळता बंद केली. चिनी मालासाठी वापरले जाणारे अलीएक्सप्रेस हे अॅप नोव्हेंबर २०२० मध्ये भारतात बंदीच्या यादीत गेले. खेळण्यांवर तर १ जानेवारी २०२१ पासून भारतीय मानक ब्युरोचे प्रमाणचिन्ह सक्तीचे आहे. स्वस्त दिसते म्हणून कोणतीही वस्तू मागवून विकता येत नाही.

कायद्याची बाजूही समजून घ्यावी. राज्याबाहेर माल विकणाऱ्याला, काही अपवाद सोडल्यास, उलाढाल कितीही लहान असली तरी जीएसटीची नोंदणी करावी लागते. मोठ्या ऑनलाइन बाजारपेठांतून विकणाऱ्यालाही ती आवश्यक असे. मात्र १ ऑक्टोबर २०२३ पासून केवळ आपल्याच राज्यात माल विकणाऱ्या लहान विक्रेत्यांना उलाढालीच्या मर्यादेत सवलत मिळाली आहे. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार ऑनलाइन दुकानाने तक्रार निवारण अधिकारी नेमावा, तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावी आणि महिन्याभरात तिचा निकाल लावावा. सदोष अथवा जाहिरातीशी न जुळणारा माल परत घेण्यास नकार देता येत नाही. वस्तू कोणत्या देशात बनली, हेही दाखवावे लागते. शिवाय २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वये ग्राहक स्वतः राहतो तेथील आयोगापुढे दाद मागू शकतो. वसईचा विक्रेता आणि नागपूरचा ग्राहक असेल, तर तक्रार नागपुरात दाखल होऊ शकते.

मग या वाटेला जाऊच नये काय? आमचे तसे मुळीच म्हणणे नाही. सावधपणे केल्यास हा प्रामाणिक व्यवसाय होऊ शकतो. पुरवठादार शक्यतो आपल्या देशातला, प्रत्यक्ष जाऊन भेटता येईल असा निवडावा. विकायची प्रत्येक वस्तू आधी स्वतःच्या पैशांनी मागवून, वापरून पाहावी. ती किती दिवसांत आली तेही टिपून ठेवावे. पार्सल नाकारले गेल्यास खर्च कोणी सोसायचा, हे पुरवठादाराशी लेखी ठरवावे. शंभर प्रकारच्या वस्तू मांडण्यापेक्षा ज्यातले आपल्याला कळते अशा चार वस्तू मांडाव्यात. जाहिरातीसाठी किती रक्कम गमावण्याची तयारी आहे, ते आधीच ठरवावे आणि ती रेषा ओलांडू नये.

आणखी एक इशारा पालकांसाठी. ‘महिन्याला लाखो रुपये मिळवा’ असे सांगून हजारो रुपयांचे शिकवणी वर्ग विकणाऱ्यांचे पीक माजले आहे. त्यांची कमाई दुकानातून होते की शिकवणीच्या शुल्कातून, हा प्रश्न पैसे भरण्यापूर्वी अवश्य विचारावा. जमाखर्चाची वही दाखवण्यास जो तयार नाही, त्याच्या भरवशावर घरातले दागिने गहाण टाकू नयेत.

शेवटी, कोणताही व्यापार विश्वासावर चालतो. या धंद्यात गाळा, गोदाम व गाडी ही सारी दुसऱ्याची असतात. विक्रेत्याचे स्वतःचे असते ते केवळ त्याचे नाव. जी वस्तू आपल्या घरात वापरायला संकोच वाटेल, ती त्या नावाखाली विकू नये, एवढे पथ्य पाळणाऱ्याचा ग्राहक दुसऱ्यांदा त्याच्याकडे येतो. आणि दुसऱ्यांदा आलेल्या ग्राहकासाठी जाहिरातीचे ते २०० रुपये पुन्हा खर्चावे लागत नाहीत.