एक डोया की दोन्ही?

‘डॉक्टर, डोया पिव्वा व्हई ग्यात.’ धुळे, अमळनेर, चाळीसगाव या भागातल्या दवाखान्यात असं वाक्य सहज कानावर पडतं. अहिराणी बोलणाऱ्याला त्यात काहीच अवघड नाही. डोळे पिवळे झाले आहेत, एवढाच त्याचा अर्थ. पण प्रमाण मराठीची सवय असलेल्या कानाला ‘डोया’ही एकवचनी वाटतो आणि ‘पिव्वा’ही. मग रुग्णाचा एक डोळा बिघडला आहे की दोन्ही?

हा प्रश्न साधा नाही. कावीळ झाली की दोन्ही डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा पडतो. एकच डोळा लाल होऊन दुखत असेल, तर त्यात काही गेलं का, मार लागला का, आतला दाब वाढला का, हे आधी पाहावं लागतं.

अहिराणीतली विशेषणं कशी चालतात हे कळलं, की घोटाळा सुटतो. पहिली गोष्ट उच्चाराची. मराठीतल्या ‘ळ’च्या जागी खान्देशात बहुधा ‘य’ येतो. जळगावचं ‘जयगाव’ होतं, काळ्याचं ‘काया’. दुसरी गोष्ट लिंगाची, ती मराठीसारखीच आहे: चांगला, चांगली, चांगलं. लाल, बारीक, गोड, जड यांसारखी विशेषणं दोन्हीकडे बदलत नाहीत.

फरक पुढे आहे. मराठीत पुल्लिंगी ‘काळा’चं अनेकवचन ‘काळे’ होतं. अहिराणीत ‘काया’ हे ‘काया’च राहतं. प्रत्यय लागतानाही तसंच. मराठीत ‘काळा घोडा’चं ‘काळ्या घोड्याला’ होतं, अहिराणीत नुसतं ‘काया घोडाले’. विशेषण जागचं हलत नाही.

मग एक की अनेक, हे कळतं कशावरून? क्रियापदावरून. ‘डोया दुखस’ म्हणजे एक डोळा दुखतो. ‘डोया दुखतस’ म्हणजे दोन्ही दुखतात. तसंच ‘पिव्वा व्हई गया’ म्हणजे एक, ‘ग्यात’ म्हणजे दोन्ही. सगळा उलगडा वाक्याच्या शेवटी होतो. म्हणून रुग्णाचं वाक्य मध्येच तोडू नये.

क्रियापद आणखी एक गोष्ट सांगतं. ‘पोट दुखस’ म्हणजे पोट दुखत असतं, अधूनमधून किंवा नेहमी. ‘पोट दुखी राह्यनं’ म्हणजे आत्ता, या क्षणी दुखतं आहे. जुनं दुखणं आणि आत्ताची कळ यांतला हा भेद डॉक्टरला हवाच असतो.

कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाचे रोनाल्ड मेल्झॅक यांनी १९७५ मध्ये वेदनेची प्रश्नावली प्रसिद्ध केली. तीत वेदनेचं वर्णन करणारे ७८ शब्द २० गटांत मांडले होते. वेदना किती आहे याइतकंच ती कशी आहे हेही महत्त्वाचं, हा त्यामागचा विचार. इंग्रजीत हे काम बहुतेक विशेषणं करतात. आपल्याकडे ते क्रियापदांकडे असतं: ठणकतं, सणकतं, चमकतं, जळजळतं. त्यामुळे इंग्रजी प्रश्नावलीचं शब्दाला शब्द भाषांतर करून भागत नाही.

रंगाचं विशेषण मात्र कुठल्याही बोलीत नीट ऐकायला हवं. ‘कायी संडास व्हस’ यातलं ‘कायी’ घाईत ‘काही’ असं ऐकू आलं, तर मोठी खूण हातची जाते. डांबरासारखी काळी, चिकट शौच हे जठरात किंवा आतड्याच्या वरच्या भागात रक्तस्राव होत असल्याचं लक्षण असू शकतं. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते. म्हणून चालू असलेली औषधं डॉक्टरांना आवर्जून सांगावीत.

ग्रिअर्सनच्या भाषा सर्वेक्षणात १९०७ साली खान्देशीची नोंद भिल्ली भाषांच्या खंडात झाली. २०११च्या जनगणनेत खान्देशी या भाषेखाली सुमारे १८ लाख ६० हजार लोकांची नोंद झाली. धुळे आणि जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत मात्र राज्यभरातून विद्यार्थी येतात. त्यांच्या कानाला ही बोली नवी असते.

रुग्णानं दवाखान्यात आपली बोली सोडून अडखळत प्रमाण मराठी बोलण्याची गरज नाही. दुखरी जागा बोटानं दाखवावी, एक की दोन्ही ते सांगावं, कधीपासून तेही सांगावं. आणि ऐकणाऱ्यानं शंका आली तर एवढंच विचारावं: ‘एक डोया की दोन्ही?’