श्वानांचा जनुकालेख आणि मानवाचे आरोग्य

कर्करोग, अपस्मार, अंधत्व हे विकार माणसाप्रमाणेच त्याच्या इमानी सोबत्यालाही जडतात. ब्रियार्ड जातीच्या काही श्वानांची दृष्टी ‘आरपीई-६५’ या जनुकातील दोषाने मंदावते. काही बालकांतही हाच जनुक सदोष असतो. २००१ मध्ये अशा श्वानांना निर्दोष जनुक देऊन दृष्टिलाभ घडविण्यात आला, तर २०१७ मध्ये त्याच धर्तीच्या मानवी उपचारास अमेरिकेत मान्यता मिळाली.

असे दोष शोधण्यास प्रमाणभूत आराखडा हवा. तो २००५ मध्ये ‘टाशा’ या बॉक्सर कुत्रीच्या सुमारे २४० कोटी जनुकाक्षरांच्या वाचनातून सिद्ध झाला. शुद्ध जाती मोजक्या पूर्वजांपासून जोपासल्या गेल्याने त्यांच्यातील सदोष जनुकाचा माग काढणे सुकर होते. मुक्या प्राण्याच्या व्याधीचा हा अभ्यास मानवालाही उपकारक ठरत आहे.